हत्तीखान्यातला घोडा

“गुलाबभाई, हे हत्ती कुठून आले?”

“गोडाऊनमधनं,” गुलाब मुजावर म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

हत्तीखान्याच्या पटांगणात माझी इमारत उभी होती. इमारत म्हणजे तिचं सोंग. बांबू, सुंभ आणि पांढरं कापड वापरून तिची लांबी, रुंदी, उंची जागेवर जशीच्या तशी दाखवायची, एवढंच काम मी मुजावर मंडप डेकोरेटर्सना दिलं होतं. साधं पांढरं कापड, असं बजावून सांगितलं होतं. कापड पांढरंच होतं, पण प्रत्येक मजल्याला गुलाबी झालर होती, झालरीला सोनेरी गोंडे होते, गच्चीवर चार कळस होते आणि समोर दोन थर्माकोलचे हत्ती सोंड हलवत उभे होते. डाव्या हत्तीची मोटर बिघडलेली असावी. त्याची सोंड अर्ध्यावर जाऊन थरथरायची आणि परत खाली यायची.

मी तशी तापट. त्यात पुण्याहून एसटीचा प्रवास करून आलेली. मी पंधरा मिनिटं तरी बोलले असेन. गुलाबभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नुसता सांगाडा उभा केला असता बाई, तर अख्खी पेठ म्हणाली असती, गुलाब मुजावर बसला,” ते म्हणाले. “ह्याच पटांगणात मी मंडळाचे देखावे केल्यात. म्हैसूरचा राजवाडा केलाय, लाल किल्ला केलाय. अन् आता पांढऱ्या कापडाचं खोकं?”

“खोकंच आहे ते. मला खोकंच दाखवायचंय.”

“म्हंजे तुमची इमारत खोक्यासारखी हाय?” त्यांनी मनापासून काळजीने विचारलं.

माणगिरी हे कोल्हापूरच्या अलीकडचं एक जुनं संस्थानी गाव. संस्थानाचे हत्ती गेले, संस्थान गेलं, पण हत्ती बांधायची जागा हत्तीखाना म्हणूनच राहिली. एका बाजूला मधली गल्ली, दुसऱ्या बाजूला मारुतीचं देऊळ आणि मध्ये हे पटांगण. ते फिरत फिरत विद्यापीठाकडे आलं होतं आणि विद्यापीठाला तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचं संशोधन केंद्र बांधायचं होतं. आमच्या ऑफिसच्या खांबेटे सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. तोवर माझ्या नावावर दोन बंगल्यांचे जिने आणि एका सहकारी बँकेचं स्वच्छतागृह एवढीच कीर्ती होती. ही माझी पहिली खरी इमारत असणार होती.

गावाच्या जुन्या भागात काही बांधायचं तर एका समितीची परवानगी लागे. समितीचे अध्यक्ष होते प्राचार्य रावसाहेब नलवडे. माझं पहिलं डिझाइन बघून ते म्हणाले, फार नवीन आहे. मी कमानी घातल्या. तेव्हा म्हणाले, जुनं वाटतंय आणि तेही खोटं. तिसऱ्या वेळेस कमानी काढून नेल्या तेव्हा ते म्हणाले की बरं दिसतंय, पण कागदावर सगळंच बुटकं दिसतं, जागेवर दाखवा. इमारतीने देवळाचं शिखर झाकलं तर परवानगी नाही. आणि परवानगी नाही मिळाली, तर विद्यापीठाकडे हायवेला लागून दुसरी जमीन तयार होती, तिथल्या इमारतीचे नकाशेही दुसऱ्याच कुणीतरी काढून ठेवले होते. मग माझे नकाशे सरळ माळ्यावर.

त्या नकाशांत माझा जीव होता. विशेषतः मधल्या दालनात. दोन मजले उंच, वर काचेचं छत, आणि सगळे शास्त्रज्ञ येता-जाता तिथे एकमेकांना भेटणार. त्या दालनासाठी मी दोन दिवाळ्या ऑफिसात काढल्या होत्या.

अकरा वाजता समिती यायची होती. मी झालर उतरवायला लावणार, तेवढ्यात मी उतरले होते त्या लॉजवरून बोलावणं आलं, नलवडे साहेबांचा फोन होता. आज जमणार नाही, भाच्यासाठी मुलगी बघायला जायचंय, नाही गेलो तर बहीण घरात घेणार नाही, पुढच्या आठवड्यात कळवतो. मी परत पटांगणात आले आणि गुलाबभाईंना सांगितलं की झालर राहू दे, पण समिती येण्याच्या आदल्या दिवशी हत्तींसकट सगळं उतरलं पाहिजे. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी एक मात्र बरं होतं. समोरच्या इंगवल्यांच्या घराला कुलूप होतं. अण्णा इंगवले नातीला घेऊन तिच्या आत्याकडे गेलेत, असं गुलाबभाई म्हणाले. अण्णा म्हणजे एसटीचे निवृत्त आगारप्रमुख आणि हत्तीखाना बचाव कृती समितीचे संस्थापक अध्यक्ष. मी पटांगणात टेप घेऊन उतरले की समोरच्या ओट्यावर त्यांची खुर्ची येई आणि मी जाईपर्यंत ते माझ्याकडे बघत बसत, उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघावं तसं. इमारतीविरुद्ध त्यांनी वीसेक हरकती नोंदवल्या होत्या. जंतू सुटून पेठेत साथ येईल. प्रयोगाचे उंदीर दूध प्यायला घरात शिरतील. पूर्वजांच्या हत्तींच्या आत्म्यांचा अवमान होईल. एका हरकतीत तर मारुतीला वारा लागणार नाही असंही होतं. मी प्रत्येक हरकतीला मुद्देसूद उत्तर दिलं होतं, हत्तींच्या आत्म्यांनाही. उत्तरं वाचून अण्णा म्हणाले होते, “बाई, तुम्ही हुशार हाय. पण गाडी चुकीच्या फलाटावर लावलीय.” म्हणजे काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

समितीचा पुढचा आठवडा काही लवकर उजाडला नाही. मी पुण्याला गेले, परत आले, पुन्हा गेले. आणि दर खेपेला माझी इमारत आणखी थोडी पेठेची झालेली दिसायची. सावली मिळाली म्हणून म्हातारे पेपर घेऊन आत येऊन बसले. मागच्या बाजूला ऊन होतं, तिथे बायकांनी कुरडया वाळत घातल्या. तालमीने जिल्ह्यात कुस्ती मारून आलेल्या पैलवानाचा सत्कार तिथेच उरकला आणि हार उरला तो उजव्या हत्तीला घातला. जिथे जंतुरहित खोली येणार होती, तिथे एक शेळी बांधलेली होती. मी शेळीवाल्या मावशींना समजावून सांगितलं की ही खोली अतिशय स्वच्छ ठेवायची आहे. त्या म्हणाल्या, आमची शेळी पण लई स्वच्छ हाय.

आणि एका दुपारी परण्या आला.

आमच्या पुण्याकडे मी हे कधी पाहिलं नव्हतं. माणगिरीत लग्न लागण्याआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. पेठेत कुठलंही लग्न असो, परण्या मधल्या गल्लीतून निघून हत्तीखान्यातून मारुतीला जाई. मी नेमकी पटांगणात होते. मागून बँड ऐकू आला, आधी बरा, मग फारच जवळ. वळून बघते तर गल्लीच्या तोंडाशी ताशेवाले, त्यांच्यामागे नाचणारी पोरं, त्यांच्यामागे बाशिंग बांधलेला नवरदेव घोड्यावर, आणि सगळे सरळ माझ्या इमारतीकडे.

मी हात पसरून आडवी उभी राहिले. नकाशात मी बाजूने वाट ठेवली होती, इमारतीला वळसा घालून. फार तर पाच मिनिटं जास्तीची. मी सगळ्यांना तीच दाखवायला लागले. बँड थांबला. कुणीच काही बोलेना. घोडा मात्र बोलला, म्हणजे फुरफुरला.

“बाई,” समोरच्या ओट्यावरून अण्णांचा आवाज आला, “घोडा मागं घ्यायचा नसतो.”

“मागे नको, वळवा.”

“वळवला म्हंजे मागंच घेतला. परण्या निघाला की थेट मारुती. आजवर ह्या पेठंत कुणाचा घोडा वळलेला न्हाई.”

नवऱ्याची आई माझ्याकडे बघत होती. तशा नजरेने माझ्याकडे आयुष्यात कुणी बघितलेलं नाही. मी वळून गुलाबभाईंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून मोठी कात्री काढली, कापडाला एकदा हात लावला आणि डोळे मिटून वरपासून खालपर्यंत ते टराटरा कापत आणलं. मग आतून पळत जाऊन मागच्या बाजूचंही कापलं. बँड पुन्हा सुरू झाला. घोडा माझ्या मधल्या दालनातून मारुतीकडे निघून गेला आणि जाताना शास्त्रज्ञांनी एकमेकांना भेटायच्या नेमक्या जागी घाण करून गेला.

मी गुलाबभाईंना दोन्हीकडचं कापड शिवायला सांगितलं. त्यांनी ते पडद्यासारखं दोन्ही बाजूंना बांधून टाकलं आणि हत्ती उचलून त्या फटीच्या अल्याड-पल्याड नेऊन ठेवले. आता शिवून उपयोग नाही, म्हणाले, लग्नसराई सुरू झाली.

दोन दिवसांनी अण्णा लॉजवर आले. मी चहा मागवला. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले की नातीचं, प्रणोतीचं, जमलंय. येत्या रविवारी साखरपुडा. शाळेचा हॉल दहावीच्या परीक्षेला लागलेला. पाहुणे मोठे, माणसं भरपूर, पेठेत दुसरी जागा नाही.

मला कळेना, हे मला का सांगतायत. मग एकदम कळलं आणि माझ्या चेहऱ्यावर आलेलं हसू मी चहाच्या कपात लपवलं.

“अण्णा, तुमचा तर त्या इमारतीला विरोध आहे.”

“इमारतीला हाय. मंडपाला न्हाई,” ते म्हणाले. “तत्त्व तत्त्वाच्या जागी.”

“झालरीसकट हवा?”

“झालर तर पायजेच. अन् तो डावा हत्ती तेवढा नीट करून घ्या. पाहुण्यांना बरं दिसत न्हाई.”

मी म्हटलं, ठीक आहे, पण मग समितीसमोर तुम्ही हरकत घ्यायची नाही. अण्णा उठून उभे राहिले. ते म्हणाले की नातीचा साखरपुडा रस्त्यावर करीन, पण तोंड गहाण टाकणार नाही. आगारात उभी हयात गेली, कधी उशिरा सुटलेली गाडी वेळेवर सुटली अशी नोंद केली नाही. मला राग यायला हवा होता. उलट मला तो माणूस आवडला. म्हणून मी काहीच अट न घालता हो म्हटलं, आणि समितीने अजून तारीख कळवलेली नव्हती, म्हणूनही.

शनिवारी नलवडे साहेबांचा फोन आला. आवाज मोठा खुशीत होता. भाच्याचं जमलं, उद्या साखरपुडा आहे, मी मामा, समितीचे दोन्ही सदस्यही जेवायला येतायत, आणि योगायोग बघा, कार्य तुमच्या त्या हत्तीखान्यापाशीच आहे. जेवणाआधी तुमची जागा बघून टाकू, परत खेप नको.

फोन ठेवला आणि मी अण्णांच्या घराकडे धावत सुटले. अण्णा ओट्यावर होते. त्यांनाही नुकतंच कळलं होतं. मुलगी बघायला आलेल्या मामांशी नुसता नमस्कार झाला होता, बोलणी सगळी मुलाच्या वडिलांशी झाली होती, मामा नलवडे म्हणजे समितीचेच नलवडे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्यांना वीस हरकती पाठवल्या, ते उद्या व्याही म्हणून येणार होते आणि ज्या इमारतीविरुद्ध पाठवल्या, तिच्यातच अण्णा त्यांना बसवणार होते.

“बाई, आता काय करायचं?” अण्णा म्हणाले. त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

झालर काढली तर साखरपुडा ओकाबोका, ठेवली तर समितीपुढे माझं हसं. आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. प्रणोतीने पाणी आणून दिलं. आजोबा आणि त्यांची शत्रू शेजारी शेजारी बसलेले बघून तिला हसू आवरत नव्हतं. शेवटी ठरलं ते एवढंच, की आपण होऊन कुणी काही बोलायचं नाही. “पण मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार,” अण्णा उठता उठता म्हणाले.

रविवारी मंडप गच्च भरला होता. सनई लावलेली, अत्तर शिंपडलेलं, डाव्या हत्तीची मोटर नवी. नलवडे साहेब आले तशी त्याने सोंड थेट वर उचलली आणि त्यांच्या फेट्याला लावली. साहेब खूश झाले. मुलीला टिळा झाला, ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला, अंगठ्या झाल्या. मी एका बांबूला टेकून घामाघूम उभी होते. मग साहेबांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि विचारलं, “तुमची इमारत नेमकी कुठे येणार?”

“साहेब,” मी म्हटलं, “तुम्ही तिच्यातच बसलाय.”

साहेबांनी वर पाहिलं. मग झालरीकडे पाहिलं, मग कळसाकडे. मी घाईघाईने सांगितलं की झालर आणि कळस डिझाइनमध्ये नाहीत आणि हत्ती तर मुळीच नाहीत. ते उठले आणि फेट्यासकट रस्ता ओलांडून अण्णांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. समितीचे दोन सदस्य लाडू हातात घेऊन मागोमाग. मी, अण्णा आणि गुलाबभाई त्यांच्याही मागे. ओट्यावरून मंडप पूर्ण दिसत होता आणि त्याच्या वर, चांगलं वीतभर वर, मारुतीचं शिखर.

“एवढीच उंची?” साहेब म्हणाले. “मला वाटलं होतं, पेठ झाकून टाकेल.” आणि मग त्यांनी बोट दाखवलं. “पण ही मधली वाट कसली? नकाशात इथे दालन होतं ना?”

पडदे बाजूला बांधलेल्या त्या फटीतून पलीकडचा मारुतीचा पार सरळ दिसत होता. तेवढ्यात एक म्हातारी पिशवी घेऊन त्या वाटेने निवांत निघून गेली.

बोलले ते गुलाबभाई. “वाट बाईंनी ठेवलीय साहेब. पहिल्यापास्नं. म्हणून तर हत्ती तिथं लावल्यात.”

साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. त्यांच्यातला प्राचार्य जागा झाला होता. “हे बघा बाई. लोकांची वहिवाट मोडून कुणी बांधत असेल, तर माझी परवानगी नाही. आणि आज एक दाखवून उद्या दुसरं बांधणाऱ्यांना तर मी दारात उभं करत नाही. कापड काय, कुठेही कापता येतं.” मग ते अण्णांकडे वळले. “इंगवले, तुम्ही समोर राहता. पहिल्या दिवसापासून बघताय. ही वाट ह्यांनी ठेवली होती, की मागाहून झाली?”

सनई चालू होती. अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. ते एक शब्द खरा बोलले असते, तर इमारत हायवेला गेली असती, हत्तीखाना वाचला असता आणि त्यांची कृती समिती जिंकली असती. त्यासाठी त्यांना खोटंही बोलायचं नव्हतं. उलट खरंच बोलायचं होतं, आणि खरं बोलायची तर त्यांना हयातभराची सवय होती. माझ्या दोन दिवाळ्या गेल्या, असं मी मनात म्हटलं.

अण्णांनी वाटेकडे पाहिलं. मग मंडपात हातात पुडा घेऊन बसलेल्या नातीकडे पाहिलं.

“बाईंनीच ठेवलीय,” ते म्हणाले. “पहिल्यापास्नं हाय.”

“नक्की?”

“वैशाखात तुमच्या भाच्याचा घोडा ह्याच वाटेनं मारुतीला जाणार, मामासाहेब. मी खोटं कशाला सांगीन?”

साहेब हसले. परवानगी दिली, असं त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही सदस्यांना सांगितलं आणि ते जेवायला बसले. मी मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. वळले तर मागे अण्णा उभे होते.

“का केलंत?” मी विचारलं.

“हरकती लिहिल्या त्या सगळ्या उगाच होत्या,” ते म्हणाले. “जंतू नि उंदीर नि काय काय. खरी एकच होती, ही वाट. पण नवरदेवाचा घोडा अडतो म्हणून संशोधन केंद्र नको, असं लिवलं असतं तर साहेब लोक हसले असते. तुम्ही पण हसला असता.”

मी हसलेच असते.

“माझ्या लग्नात मी ह्याच वाटेनं गेलो. बायको गेली, तीबी ह्याच वाटेनं. आमच्याकडं शेवटाला पण मारुतीपाशी थांबवत्यात.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “बाई, मी हयातीत एक खोटी नोंद केली नव्हती. ती आज केली. आता ती खरी करायचं तुमच्याकडं लागलं.”

पुण्याला जाऊन मी माझं मधलं दालन खोडलं. रडले थोडी, आणि खोडलं. इमारतीचे दोन भाग केले आणि मधून वाट काढली, वर दोन्हींना जोडणारा पूल. खांबेटे सरांनी नकाशा बघून विचारलं की वाटेला एवढी उंची कशाला. मी सांगितलं, घोडा, त्याच्यावर नवरदेव, त्याच्यावर फेटा, फेट्याला तुरा, आणि वर कुणीतरी छत्री धरतंच. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, पण खोडलं नाही. काच मात्र मी सोडली नाही. छताला नाही तर नाही, वाटेच्या दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत काच लावली. एवढा हट्ट माझा.

प्रणोतीच्या लग्नानंतर पावसाळा सरला तेव्हा काम सुरू झालं. पुरं व्हायला तीन वर्षं लागली. इमारत झाल्यावर पहिला परण्या निघाला त्या दिवशी मी मुद्दाम माणगिरीला गेले. अण्णांच्या हातात आता काठी आली होती. ते वाटेच्या तोंडाशी माझ्याशेजारी उभे राहिले. शास्त्रज्ञ पांढरे कोट घालून पुलावर जमले. बँड आला, पोरं नाचत आली, घोडा आला. आणि वाटेच्या तोंडाशी थबकला.

काचेत त्याला दोन घोडे दिसले, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघांवर बाशिंग बांधलेले नवरदेव. घोड्याने कान टवकारले आणि एक पाय मागे घेतला. बँड थांबला. सगळी पेठ श्वास रोखून त्या पायाकडे बघत होती.

“गुलाब,” अण्णा हळूच म्हणाले.

गुलाबभाई गर्दीतून कधीच पळाले होते. कोपऱ्यावर उभ्या आपल्या टेम्पोतून त्यांनी गुलाबी झालरीचा गठ्ठा काढला, पोरांना हाताशी घेतलं आणि बघता बघता माझ्या काचा सोनेरी गोंड्यांसकट झाकून टाकल्या. घोड्याने एकदा झालरीचा वास घेतला. अण्णांनी, एसटीत कंडक्टर दोन घंटा देतो ना, तशी काठी फरशीवर दोनदा आपटली. घोडा निघाला आणि थेट मारुतीला गेला.

अण्णा तो दिसेनासा होईपर्यंत उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “झाली बाई, नोंद खरी झाली.” त्यांचे डोळे भरले होते, माझेही. आम्ही दोघं वाटेनेच चालत देवळापर्यंत गेलो.

आता अण्णा नाहीत. त्यांनाही त्याच वाटेने नेलं, आणि त्या दिवशीसुद्धा शास्त्रज्ञ पुलावर येऊन उभे राहिले होते, असं प्रणोतीने मला फोनवर सांगितलं. इमारतीचे फोटो मासिकांत येतात तेव्हा काचेच्या भिंतींचं फार कौतुक होतं. त्या काचांच्या वर ओळीने पितळी हूक आहेत, ते कशासाठी, असं हल्लीची आर्किटेक्ट मुलं मला विचारतात. मी सांगते, झालरीसाठी. त्यांना ते खरं वाटत नाही.